माणिकची डावी बाजू

१

जळकोटच्या गुरुपादप्पांना दोर कळायचा. शाळा सातवीपर्यंतच झालेली, बाकीचं सगळं शिक्षण दुकानाच्या ओट्यावर. सुती, ताग, काथ्या, घायपात, नायलॉन, काहीही हातात द्या, डोळे मिटून सांगणार की माल कुठला, किती पावसाळे टिकेल आणि कुठं तुटेल. एकदा बाहेरगावचा एक टाय घातलेला एजंट नायलॉनचं नवं बंडल घेऊन आला. आप्पांनी टोकाला काडी लावली, धूर हुंगला आणि म्हणाले, "बाळा, चहा घे आणि गाडी वळव." एजंटानं निमूटपणे चहा घेतला आणि गाडी वळवली.

आता या धंद्याचा एक पाया आहे, तो आधी सांगायला पाहिजे. आपल्याकडं जनावर विकलं की विकणारा दावं देत नसतो. बैल असो, म्हैस असो, घोडा असो, सौदा झाला की जुनी म्होरकी आणि दावं सोडून घ्यायचं, काखेत मारायचं आणि घरी न्यायचं. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. का, ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. पण या एका रीतीवर गुरुपादप्पांच्या तीन पिढ्या जेवल्या. माळेगावच्या यात्रेत दरसाल त्यांचा मांडव पडायचा आणि जितकी जनावरं विकली जायची, तितकी नवी दावी खपायची.

नऊ वर्षांचे असल्यापासून ते त्या मांडवात बसत. घोड्यांचा बाजार समोरच. एकदा त्यांनी बापाकडं घोड्याचा हट्ट धरला, तर बाप म्हणाला, "पोरा, आपण दोर विकायचा. घोडं लोकांनी बांधायचं." ते वाक्य पन्नास वर्षं आत रुतून राहिलं होतं. मुलगा श्रीशैल हैदराबादला नोकरीला लागला, दुकान मार्गी लागलं, तरी ते बाजाराच्या दिवशी घोडा दिसला की गिऱ्हाईक सोडून बघत बसायचे. शेवटी गौरम्माच म्हणाल्या, "घ्या बाई एकदाचा. न्हाईतर पुढच्या जन्मी घोडं होऊन याल, आन् मलाच हरभरा भिजवावा लागंल."

त्यात पंचाक्षरी स्वामींनी तेल ओतलं. स्वामी म्हणजे आप्पांचे लहानपणचे सोबती आणि महादेवाच्या यात्रा कमिटीचे सचिव. शिवरात्रीच्या पालखीपुढं मानाचा घोडा लागतो, तो इतकी वर्षं उदगीरहून भाड्यानं यायचा. स्वामी म्हणाले, "आप्पा, यंदा घोडा तुमचा. पत्रिकेत नाव छापतो, 'मानाचा अश्व: श्री गुरुपादप्पा'. दावं तुमच्या हातात, आन् गाव मागं."

त्या रात्री गुरुपादप्पांना झोप आली नाही, असं गौरम्मा अजून सांगतात.

२

यंदा माळेगावला हजारभर घोडे उतरले होते. पण हा एक दिसला आणि आप्पांचे पाय थांबले.

मुरलेल्या चिंचेचा रंग, उन्हात धरली तर आतून लाल दिसते तसा. कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. मान अशी, की जणू कोणी सावकाश वाकवून तिथंच सोडून दिली आहे. सगळीकडं ढोलकी, लाउडस्पीकर, नाचवल्या जाणाऱ्या घोड्यांची थयथय. हा मात्र एखाद्या शहाण्या माणसासारखा ऐकत उभा होता.

मालक लिंबाजी, इस्लापूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. चाळिशीचा, वाळलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. एक गोष्ट आप्पांच्या नजरेनं टिपली. घोडा सगळे डावीकडून धरतात. हा उजवीकडं उभा होता. डावखुरा असेल, आप्पांनी मनाशी म्हटलं.

रुमालाखाली बोटांनी भाव झाला. सौदा पटला. लिंबाजी दावं सोडायला वाकला आणि तेव्हा गुरुपादप्पांनी ते दावं पाहिलं.

असं दावं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. अंबाडीत शेळीचे केस घालून मांडीवर वळलेलं, तीन पदरी, पीळ इतका सारखा की मशीननं लाजावं. किती जुनं असेल याचा अंदाज येईना. आणि मोकळ्या टोकाला एक गाठ, जणू शंभर वर्षं कोणाच्या तरी तळव्यात घासून घासून शिसवीसारखी गुळगुळीत झालेली.

व्यापाऱ्याला सौद्यावर काहीतरी वरकड मागायची सवय असते. आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "दावं बी राहू दे याच्यासंगं."

आजूबाजूचे हसले. एकजण म्हणाला, "आप्पा, मिठाईवाला उसना लाडू मागतोय व्हय?"

लिंबाजी हसला नाही. तो हळूच सरळ झाला. "तुम्ही मागून राहिलात ना मालक? मी देऊन न्हाई राहिलो."

"हाव, मीच मागतोय."

"ह्या चार माणसांत म्हणा."

आप्पांना गंमत वाटली. रीतीनं त्यांचं पोट भरलं होतं खरं, पण ते रीतीचे धनी होते, गुलाम नव्हते. ते मोठ्यानं म्हणाले, "ऐका हो, दावं मी मागून घेतलं."

लिंबाजीनं टोकाची गाठ हातातून सोडली. चहा मागवला होता, तो न पिताच तो गर्दीत शिरला. मागं वळून न बघता, जत्रा सोडून, सरळ रस्त्याकडं.

३

टेम्पो दुपारी चारला दारात लागला. गौरम्मांनी इरकल नेसलं होतं. ताटात विभूती, भाकरीचा तुकडा, पाण्याचा तांब्या. शेजारची साखराबाई तर ओट्यावर जागा धरून बसली होती. साखराबाईची जीभ म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. आमदार दारात आला तरी खाटेवरून न उठणारी बाई.

घोडा फळीवरून असा उतरला, की टेम्पोवाल्यानंही बिडी विझवली. गौरम्मांनी चारी खुरांवर पाणी घातलं, कपाळाला विभूती ओढली, तुकडा ओवाळून टाकला. "काय रूप हाय हो! माणिकच. ह्याचं नाव माणिक." नाव पडलं.

"चल बेटा," आप्पांनी दावं ओढलं.

माणिक हलेना.

अंगाला अंग लावून ढकलला, हरभरा दाखवला. तो फाटकात उभा, एक कान डावीकडं वळवलेला. आडमुठेपणा नव्हता त्यात. पाहुणा सोबतच्या माणसाची वाट बघत दारात थांबतो ना, तसं.

"आप्पा, घोडं दमलं का तुमी?" साखराबाई ओट्यावरून म्हणाली. "का त्याला बी पत्रिका पायजे?"

अर्धा तास गेला. गौरम्मांनी कंटाळून तांब्यात उरलेलं पाणी बाजूला भिरकावलं. ते पडलं घोड्याच्या डावीकडं, मोकळ्या जागेत. आणि माणिकनं पाऊल उचललं. शांतपणे आत आला, जणू सगळं आता रीतसर झालं.

टाळ्या पडल्या. आप्पांचे डोळे भरून आले. पन्नास वर्षं! त्यांनी मानेवर हात ठेवला, तेव्हा तळव्याखाली ऊब आणि एक बारीक कंप होता, एखाद्या मोठ्या घंटेवर वाजून गेल्यावर राहतो तसा.

मग ते सहज मागं वळले. फाटकापासून गोठ्यापर्यंत शहाबादी फरशीवर ओल्या खुरांची रांग उमटली होती. तिच्या डावीकडं आणखी एक ओली रांग होती, लांबट ठशांची. तांब्यातलं पाणी ओघळलं असणार, असं त्यांनी ठरवलं. फरशीला उतार नव्हता, हे त्यांना माहीत होतं. फरशी त्यांनीच बसवून घेतली होती. तरी ठरवलं. ऊन होतं, पाच मिनिटांत सगळं वाळलं.

४

पुढचे पंधरा दिवस म्हणजे सण होता. सकाळी सातला आप्पा माणिकला घेऊन तळ्याकडं निघत. बस स्टँडवर चहा पिणारे उभे राहत. एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता थांबून वाट देई. माणिक ना बुजायचा, ना हिसका द्यायचा. चालताना त्याची पावलं अशी पडत, की कोणीतरी मनात ताल मोजतोय. आप्पा रोज घरी येऊन गौरम्मांना नवीन काहीतरी सांगत: आज त्यानं पाणी पिताना डोळे मिटले, आज कुत्रं भुंकलं तर यानं नुसतं बघितलं आणि कुत्रं बसलं.

एका सकाळी त्यांना काहीतरी खटकलं. काय, ते तळ्यापर्यंत कळेना. मग कळलं.

ते दावं मधोमध धरत. पुढचा भाग माणिकच्या म्होरकीला, मागचा दोन वाव, म्हणजे आठेक हात भाग लोंबत राहायला हवा. आता लोंबत्या दोराला वजन असतं. किती, ते दुसऱ्याला नाही, पण आप्पांच्या मनगटाला बरोबर ठाऊक. त्यांनी हात थोडा वर-खाली केला. वजन नव्हतं. मागचा भाग कोणीतरी उचलून धरल्यासारखा.

ते वळले. दावं धुळीत लोळत नव्हतं, जमिनीपासून हातभर वर होतं. वारा, ते म्हणाले. पौषातल्या त्या सकाळी बाभळीचं पानही हलत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी टोक तपासलं. पंधरा दिवस चालवलेल्या दाव्याला ना शेण लागलं होतं, ना माती. आणि ती गाठ कोमट होती.

वय झालं, ते स्वतःला म्हणाले. मागच्या वर्षी हृदयात नळी बसवलीय, औषधं चालू आहेत. डोकं असं चालतं कधी कधी. एवढ्या देखण्या जनावरावर शंका घ्यायची म्हणजे देवळाच्या पायरीवर चप्पल हरवायची भीती बाळगणं. त्यांनी विषय मिटवला.

५

मिटला असता, पण गौरम्मा रोज दुपारी माणिकला गूळ द्यायला जायच्या.

आप्पा पडवीत बसून बघत होते. गौरम्मा अंगणातून बडबडत गेल्या, "आलं गं बाई, आलं माझं माणिक." उजवीकडून गेल्या, गूळ चारला. मग पाण्याची बादली उचलायला डावीकडं आल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर घेतला. नीट, कानामागं खोवून. आवाज खाली आला. बादली उचलून दोन पावलं मागं मागं सरकल्या आणि मगच पाठ वळवली. पडवीत येईतो पदर परत खांद्यावर.

गौरम्मा डोक्यावर पदर घ्यायच्या सासऱ्यांसमोर. सासरे जाऊन एकवीस वर्षं झाली.

"पदर कशाला घेतलास?"

"कधी?"

"आत्ता. तिकडं."

"मी? स्वप्न पडलं का तुमाला दिवसाढवळ्या?" त्या हसल्या. "घोड्यापुढं पदर घ्यायला तो काय माझा भाया हाय, थोरला दीर?"

आप्पांनी चार दिवस बघितलं. चारही दिवस तेच. मग त्यांनी मुद्दाम साखराबाईला बोलावलं, खताला लीद हवीय का विचारायच्या निमित्तानं. साखराबाई आली, चढ्या आवाजात आप्पांच्या पोटावरून काहीतरी टोमणा मारत. डावीकडं पोचली. टोमणा अर्ध्यात राहिला. पदर डोक्यावर गेला. मान खाली गेली.

आमदारासमोर न उठणारी बाई.

"पुढं काय म्हणत होता, काकू?" आप्पांनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"कायतरी म्हणत व्हते बघा," ती बाहेर येऊन म्हणाली. "गेलं डोक्यातून."

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, आप्पांनी दुकानातलं सगळ्यात उंची सुती दावं आणलं, लाल-पिवळ्या गोंड्याचं. जुनं सोडून गोदामातल्या खिळ्याला टांगलं. घोडा माझा आहे, दावंही माझं असू दे, ते मनात म्हणाले. शिवरात्री महिनाभरावर आली होती.

६

दुसऱ्या दिवसापासून माणिकनं वैरणीला तोंड लावलं नाही.

हरभरा नको, गूळ नको, पाण्यात तोंड बुडवून नुसता उभा. तिसऱ्या दिवशी चिंचेचा तो लाल रंग मातकट झाला. मान उतरली. डोळा मात्र जिवंत होता आणि तो सतत डावीकडं बघत होता. उदगीरचे डॉक्टर आले, नाडी बघितली, पोटाला कान लावला, सुई टोचली. "आजार काहीच नाही," ते म्हणाले, "पण असाच राहिला तर दोन दिवस."

गौरम्मा गोठ्यात बसून माणिकचं तोंड मांडीवर घेऊन रडल्या. आता तिथं त्यांचा पदर खांद्यावरच होता.

आप्पा गोदामाच्या मागं गेले आणि लिंबाजीला फोन लावला. सौद्याच्या पावतीवर नंबर होता. तिसऱ्या रिंगला उचलला.

"जनावर कसं हाय?" लिंबाजीनंच आधी विचारलं. आवाज भरलेला, निरोगी.

"जनावर सोनं होतं रे. आता मरून राहिलंय. दावं बदललं मी."

आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लिंबाजी, तू दावं परत ने बाबा. भाडं देतो, यायचं-जायचं."

"न्हाई जी. तुम्ही चार माणसांत मागितलं." मग जरा खाली, जवळजवळ मायेनं, "आमच्याकडं समदी झोपून राहिलेत आता, मालक. माझी माय धा वर्सांनी पाय पसरून झोपली. ते परत नका आणू."

"कोण आहे ते?"

"कोण म्हंजे?" लिंबाजीला खरोखरच प्रश्न कळला नसावा. "तुम्ही चालता कुठल्या बाजूनं?"

"डाव्या. सगळे डाव्याच बाजूनं चालतात."

"अरारा," तो म्हणाला. "उजवीकडनं चालत जा, मालक. डावी मोकळी ठेवा. घोड्याला लई जीव लावतंय ते. घोड्याला कधी काय कमी पडणार न्हाई."

फोन बंद झाला. आप्पांनी परत लावला, तर स्विच ऑफ.

ते तसेच उभे राहिले. इतक्या सकाळी ते डावीकडून चालले होते. म्हणजे नुसते सोबत नव्हते. ते कोणाच्या तरी जागेत चालले होते.

७

सकाळी दहाचं स्वच्छ ऊन. अंगणात कबुतरं दाणे टिपत होती. गुरुपादप्पांनी गोदामातून जुनं दावं काढलं. खिळ्यावर ते जसं वेटोळं करून टांगलं होतं, तसंच होतं. नुसतं एक वेटोळं कमी होतं. ती गाठ खाली, दाराच्या कडीपर्यंत आली होती.

माणिक बसला होता. असा खंगलेला घोडा बसला की उठत नाही, हे आप्पांना कोणी सांगायची गरज नव्हती. बरगड्या मोजता येत होत्या. तरी काय जनावर होतं! मरतानासुद्धा मान जमिनीला टेकू दिली नव्हती त्यानं. आप्पांना वाटलं, आपण पन्नास वर्षं जे मागत होतो, ते आपल्याला मिळालं. आणि मिळालं त्याच दिवशी, चार माणसांत, मोठ्यानं बोलून आपणच ते दुसऱ्याचं करून ठेवलं.

अजूनही त्यांना एक करता आलं असतं. दावं जाळायचं. काडी खिशात होती. अंबाडी आणि केस, पाच मिनिटांचं काम. मग माणिक गेला असता आणि घर मोकळं झालं असतं.

त्यांनी काडीपेटी खिशातून काढून ओट्यावर ठेवली.

ते उजवीकडून गेले. गोंड्याचं दावं सोडलं, जुनं बांधलं. मग मोकळं टोक घेऊन माणिकच्या मानेवरून हात पलीकडं केला, डावीकडं, जिथं फक्त ऊन होतं. गाठ दोन्ही हातांवर ठेवली होती, वडीलधाऱ्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात तशी. आपण हे असं धरलंय, हे त्यांना धरल्यावर दिसलं.

"घ्या," ते म्हणाले, आणि बोटं उघडली.

दोर खाली पडल्याचा एक आवाज असतो, धप्प नाही आणि सळसळही नाही, दोन्हींच्या मधला. पन्नास वर्षं दिवसातून शंभरदा त्यांनी तो ऐकला होता. ते तो ऐकायला थांबले.

कबुतरं उडाली. आवाज आला नाही.

माणिक उठला. आधी पुढचे पाय, मग मागचे, एका दमात. आणि गव्हाणीत तोंड घातलं. कडबा चावल्याचा तो कडकड आवाज अंगणभर झाला, तसं गौरम्मा स्वयंपाकघरातून धावत आल्या, "खाऊन राहिला! अहो, खाऊन राहिला की!" आणि धावता धावताच पदर डोक्यावर घेतला.

एवढ्यात फाटक वाजलं. पंचाक्षरी स्वामी पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन आले होते. घोडा उभा बघून त्यांचा चेहरा फुलला. सरळ आत यायचं, तर ते मध्येच थबकले, टोपी सारखी केली आणि माणिकला मोठा वळसा घालून उजवीकडून आले. वळसा का घातला, त्यांनाही माहीत नव्हतं.

"शिवा शिवा, काय तेज हाय हो आज! आप्पा, छापायला टाकतो बघा. तुमचं पूर्ण नाव सांगा, आडनावासकट."

गुरुपादप्पांनी माणिककडं पाहिलं. तो रंग परत आला होता, आतून लाल. डावीकडं कमरेच्या उंचीवर दाव्याचं टोक स्थिर होतं, आणि तिथून मानेपर्यंतचा तो दोर असा सहज, अशा जाणत्या सैलपणानं धरलेला होता, की दोर कळणाऱ्या माणसानं बघतच राहावं. एवढ्या वर्षांत इतकं सुंदर धरलेलं दावं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःला ते तसं कधी जमलं नसतं.

"माझं नका टाकू, स्वामी."

"मग कोणाचं टाकू?"

"तेवढी जागा सोडा," गुरुपादप्पा म्हणाले. ते दोन पावलं मागं सरकले आणि गव्हाण सोडून, दाव्यासोबत चालायला निघालेल्या घोड्यासाठी अंगणातली बादली वाटेतून बाजूला केली.